रुमालाचं दुसरं टोक

नेकल डोंडलिंगरने जन्मभर लोकांना उडवलं आणि स्वतः मात्र एक उडी मारली नाही. आमच्या ओबरबाख गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. गावच्या बँडचा मोठा ढोल त्याच्याकडे. त्याआधी तो त्याच्या बापाकडे होता, आणि बापाआधी आजाकडे. एख्टरनाखच्या मिरवणुकीत वाजवणाऱ्यांनी चालायचं आणि बाकीच्यांनी उडायचं अशी पहिल्यापासूनची वाटणी आहे. पोटावर एवढं धूड बांधलेल्या माणसाने उडायचं म्हटलं तर त्याची हनुवटी शाबूत राहायची नाही, त्यामुळे डोंडलिंगरांच्या घरात उडीचा विषयच कधी निघाला नाही.

ज्याच्या नावाने हे सगळं चालतं तो संत विलिब्रोर्ड मोठा भला माणूस होता. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून इकडे आला, रानोमाळ हिंडून लोकांना येशूची गोष्ट सांगितली, एख्टरनाखला मठ बांधला आणि तिथेच देह ठेवला. एकदा म्हणे मठातल्या पिंपात तळाशी घोटभर वाइन उरली होती, साधू तोंडं पाडून बसले होते, तर याने आपली काठी पिंपात बुडवली आणि सकाळी बघतात तो वाइन उतू चाललेली. असा संत आमच्या लोकांना आवडणारच हो! पण तो स्वतः कधी उडाल्याचं कुणी लिहून ठेवलेलं नाही. मग त्याच्यासाठी दर वर्षी येशूच्या पुनरुत्थानापासून पन्नासाव्या दिवशी येणाऱ्या सणानंतरच्या मंगळवारी अख्खा मुलूख डावीकडे-उजवीकडे उड्या मारत त्याच्या थडग्यापर्यंत का जातो, याला प्रत्येकाचं उत्तर वेगळं. कुणी म्हणतो, तो फेफरं बरं करतो, म्हणून फेफरं आल्यासारखं हलायचं. पाद्रीबाबा म्हणतात, आपण पायांनी प्रार्थना करतो. ओडिल कार्टहायझर म्हणायची की कारण विचारणाऱ्याला आधी रांगेत उभा करा, थडग्यापाशी पोचल्यावर तो पुन्हा विचारत नाही.

ही ओडिल आमच्या गावाहून एख्टरनाखला जाणारी बस चालवायची. उंच, खांद्याने रुंद, आवाज असा की शेवटच्या बाकावरच्या माणसानेही पाय खाली घ्यावा. लग्न केलं नाही. विचारणारे दोघे-तिघे होते, पण त्यांना तिने पुढच्याच थांब्यावर उतरवलं. लहानपणी तिच्या धाकट्या बहिणीला फेफरं यायचं, तेव्हा बहिणीसाठी म्हणून ओडिल मिरवणुकीत उडायला लागली. बहीण बरी झाली, नवरा करून फ्रान्सात गेली, आता तिला गुडघेदुखीशिवाय काही नाही. ओडिल मात्र थांबली नाही. आमच्या बँडच्या पुढची शेवटची रांग तिची, म्हणजे ढोलाच्या थेट पुढ्यात. जागा बदल म्हटलं की तिला राग यायचा.

नेकलचा धंदा छपरांचा. घरांवर काळ्या दगडाच्या पाट्या बसवायच्या, फुटलेल्या काढायच्या, वादळानंतर लोकांचे फोन घ्यायचे. बायको लवकर गेली, पोरबाळ नव्हतं. माणूस अबोल, पण बोटं गप्प बसत नसत. टेबलावर, शिडीवर, गुडघ्यावर त्याच एका चालीचा ठेका चाललेला असायचा. मिरवणुकीला एकच चाल आहे, सगळे बँड तीच वाजवतात, आणि ती एकदा डोक्यात शिरली की पुढच्या पन्नासाव्या दिवसापर्यंत मुक्काम हलवत नाही. नेकलच्या डोक्यात तिने घरच केलं होतं. पुढे त्याने शिडी उतरवून ठेवली, पेन्शन घेतली, आणि घरात बसून करायचं काय हे कळेना तेव्हा ओडिलच्या बसमध्ये जाऊन बसायला लागला.

आता आमच्याकडे बसला तिकीट लागत नाही, तेव्हा प्रेमात पडायला त्याला खर्चही आला नाही. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचा, एख्टरनाखला जायचा, खाली न उतरता तसाच परत यायचा. पहिले काही दिवस ओडिलला वाटलं, दवाखान्यात जात असेल. मग तिला वाटलं, डोकं फिरलं असेल. मग एक दिवस तिने आरशातून बघितलं, तर हा तिच्या सीटच्या पाठीवर बोटांनी ठेका धरून बसलेला आणि चेहऱ्यावर असं हसू की तिने वळणावर गिअर चुकवला. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिने गिअर चुकवल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. गावात संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं.

ओडिलच्या नोकरीचा शेवटचा आठवडा आला तेव्हा नेकलचं धाबं दणाणलं. बस दुसरं कुणीतरी चालवणार, मग हिला भेटायचं कुठे? शेवटच्या थांब्यावर सगळे उतरून गेले, हा बसूनच. ओडिलने गाडी बंद केली. तिच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत ऊन येत नाही, कुंड्यांतली जिरेनियमं मरतात, असं ती नेहमी कुरकुरत असे. नेकल म्हणाला, माझ्या खिडक्यांना दिवसभर ऊन असतं. ओडिलने किल्ली खिशात टाकली आणि त्याच्याकडे नीट वळून बसली.

"नेकल, कुंड्या मागतोयस, की मला?"

"दोन्ही," नेकल म्हणाला. कान लाल झाले होते.

ओडिल हसली नाही. तिने समोरचा आरसा नीट केला. मग म्हणाली, "इतकी वर्षं तू माझ्या पाठीमागे आहेस. ढोल, आणि ढोलाच्या मागे तू. मिरवणुकीत तुझा चेहरा मी एकदाही बघितलेला नाही. या वेळी ढोल ठेव खाली आणि माझ्या बाजूला उभा राहा. माझ्या रुमालाचं दुसरं टोक धर. थडग्यापर्यंत ते सुटलं नाही, तर कुंड्या तुझ्या खिडकीत."

"आणि सुटलं तर?"

"तर मी आहे तिथे बरी आहे."

आमच्याकडे रांगेत पाच जण असतात आणि कुणी कुणाचा हात धरत नाही. दोघांमध्ये एक पांढरा रुमाल, एक टोक याच्या हातात, एक त्याच्या. कोण कुणाच्या रुमालाला आहे यावर गावात वर्षभर पुरेल इतकं बोलणं निघतं. तेव्हा ही काही साधी अट नव्हती. नेकल हो म्हणून बसला आणि घरी येऊन खुर्चीत बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला उडता येत नाही.

थट्टा नाही. माणूस जन्मभर छपरावर वावरलेला. छपरावर एक पाय टेकल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही, हे बापाने त्याच्या अंगात मुरवलं होतं, आणि ते मुरलं म्हणूनच तो पेन्शनीपर्यंत जिवंत पोचला होता. आता त्या पायांना एकदम सांगायचं की बाबांनो, दोघेही जमीन सोडा! पाय ऐकेनात. पाट्यांच्या गोदामात भरदुपारी उभा राहून तो स्वतःला हुकूम सोडायचा. टाचा वर यायच्या, गुडघे वाकायचे, खांदे कानांपर्यंत जायचे, तोंडातून जोर केल्याचा आवाज निघायचा, आणि पाय होते तिथेच. शेजारणीने खिडकीतून दोनदा विचारलं की पोट साफ होत नाही का.

त्यात बँडमास्तर झायमेसला हे सांगायचं होतं. झायमेस बारकासा, कडक इस्त्रीचा माणूस. त्याने आधी नेकलच्या कपाळाला हात लावून बघितला. मग विचारलं की ढोल काय भिंतीला टांगून वाजवायचा? ढोल गेला की बँड गेला, बँड गेला की उडणारे गेले, एवढं साधं ज्याला कळत नाही त्याने खुशाल प्रेमं करावीत, वगैरे वगैरे. शेवटी खाटीक बिझेनियस पुढे झाला. म्हणाला, रोज कुऱ्हाड चालवतो, एक ढोल काय मोठा. दंड दणकट, मन मोठं, आणि नेकलचं जमावं असं त्याला मनापासून वाटत होतं. नेकलने त्याला गोदामात नेऊन ठेका शिकवला. बिझेनियसला तो पटकन आला. तो ठेका वाजवताना मध्येच मांस तोडल्यासारखा एक जास्तीचा घाव घालायचा, तेवढा फक्त नेकलने सोडवून घेतला.

उडी शिकवायचं काम ओडिलने स्वतःच्या स्वयंपाकघरात केलं. टेबल बाजूला सारलं, खुर्च्या गॅलरीत काढल्या, ओट्यावर शेंगांचं सूप उकळत ठेवलं आणि ती नेकलच्या समोर उभी राहिली. म्हणाली, खाली जमीन आहे, नेकल, छप्पर नाही, पडलास तर फरशीवर पडशील आणि फरशी माझी आहे, मी काही म्हणणार नाही. ती चाल गुणगुणायला लागली आणि डावीकडे उडाली. तो तिच्या डोळ्यांत बघत होता. आणि काय झालं कुणास ठाऊक, तिच्याबरोबर तोही उडाला. हातभर नव्हे, वीतभरही नव्हे, पण दोन्ही पाय सुटले. नेकल इतका दचकला की त्याने फळी धरली, आणि फळीवरच्या बशा खाली आल्या.

त्या दिवसापासून त्याला वेडच लागलं. दोघं समोरासमोर उभी राहून सूप आटेपर्यंत उडत. ती इकडे गेली की हा तिकडूनच तिच्याबरोबर, ती परतली की हा परत, नजर नजरेतून हलली तर शपथ. खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाने तक्रार केली नाही, उलट त्यांची मुलं त्या ठेक्यावर झोपायला लागली. नेकल बाजारात उडत जाऊ लागला. पावाच्या दुकानात रांगेत उभा असताना उडाला. पाद्रीबाबांना रस्त्यात भेटला तेव्हा टोपी काढून उडाला, आणि पाद्रीबाबाही बिचारे, सवयीने का होईना, थोडे उडाले. या वयात इतका आनंद अंगाला सोसेल का, अशी गावाला काळजी वाटायला लागली.

मंगळवार उजाडला. एख्टरनाखमध्ये मुंगीला वाट नाही. मठाच्या मोठ्या चौकात गावोगावचे जथे उभे, प्रत्येक जथ्यामागे आपापला बँड, पांढरे सदरे, पांढरे रुमाल, घंटांचा नुसता कल्लोळ. ओडिलच्या रांगेत एका टोकाला ती, तिच्याशेजारी नेकल, नेकलपलीकडे ओडिलची मैत्रीण लेनी, आणि त्यापलीकडे लेनीची दोन थोराड मुलं. ओडिलने घडी घातलेला रुमाल काढला आणि एक टोक नेकलच्या हातात दिलं. त्याला घाम फुटला होता. मागे बिझेनियसने ढोल पोटावर चढवला आणि नेकलला डोळा मारला. झायमेसने काठी वर केली.

चाल सुरू झाली, सगळी रांग डावीकडे उडाली आणि नेकल उजवीकडे.

तो लेनीवर आपटला. परतताना सगळे उजवीकडे आले, हा डावीकडे गेला आणि ओडिलवर आदळला. बिचाऱ्याची चूक काय? तो समोर उभा राहून शिकला होता. स्वयंपाकघरात ओडिल तिच्या डावीकडे गेली की याला उजवीकडे जावं लागायचं, आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं, कारण दोघं पायांकडे बघतच नव्हती. आता दर ठेक्याला तो एकदा लेनीच्या आणि एकदा ओडिलच्या अंगावर जात होता. लेनी ओरडायची, नेकल माफी मागायचा, माफी मागेपर्यंत पुढचा ठेका यायचा. थांबावं तर मागून बँड येतोय. ओडिलला आधी काही कळेना, मग एकदम कळलं, आणि ती अशी हसायला लागली की तिच्याच उड्या चुकायला लागल्या. बघ्यांतल्या एका बाईला वाटलं की ओबरबाखकरांनी या वर्षी काही नवीन बसवलंय. तिने टाळ्या वाजवल्या.

"डोळे मीट," ओडिल हसता हसता म्हणाली. "मला बघू नकोस. ढोल ऐक."

नेकलने डोळे मिटले. मागे ढोल होता. त्याच्या घरचा ढोल, त्याची कातडी त्याने स्वतः ताणलेली. त्याने दोन ठेके नुसते जाऊ दिले आणि तिसऱ्याला रुमाल जिकडे ओढेल तिकडे गेला. बरोबर गेला. परत आला, बरोबर आला. लेनीने देवाचे आभार मानले. नेकलने डोळे उघडले तेव्हा तो रांगेबरोबर तरंगत होता. डावीकडे घरं जात होती, उजवीकडे घरं येत होती, खिडक्यांतून लोक हात हलवत होते, ज्या छपरांवर त्याने जन्म काढला ती छपरं उड्या मारत होती, आणि शेजारी ओडिल होती, गाल लाल झालेली, केस सुटलेले. आपला बाप आणि आजा केवढ्याला मुकले, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला रडू यायला लागलं. मग हसू आलं. दोन्ही एकदमच चाललं होतं.

असंच थडग्यापर्यंत गेलं असतं. पण बाजारचौकाच्या वळणावर रस्ता दुमडतो, आणि तिथे मागच्या जथ्याचा बँड एकदम कानाशी येतो. तीच चाल, पण अर्ध्या ठेक्याने मागे. जुन्या ढोलवाल्याला तिथे काय करायचं ते माहीत असतं, तो मान खाली घालतो आणि पुढच्या पाठीकडे बघत वाजवतो. नेकलने बिझेनियसला सगळं शिकवलं होतं, एवढंच सांगायचं राहिलं होतं, कारण हे आपण करतो हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. बिझेनियसच्या कानात मागचा ढोल शिरला. त्याचा हात अडखळला, थांबला, आणि मागच्यांबरोबर पडायला लागला. आमचे कर्णे एकीकडे, ढोल दुसरीकडे. झायमेस काठीने हवेत भोकं पाडत होता. पुढच्या रांगांत अर्धे लोक डावीकडे, अर्धे उजवीकडे. म्हाताऱ्या माणसांचे पाय एकमेकांत अडकायला लागले. ओडिलच्या समोरची एक आजीबाई गुडघ्यावर आली, तिला दोघांनी बगलेत धरून उचललं, तर ते दोघेही डगमगले.

नेकलचा लेनीकडचा हात रुमालासकट स्वतःच्या मांडीवर पडायला लागला होता. त्याने ओडिलकडे बघितलं. तिने समोर बघत दात आवळले होते आणि रुमाल घट्ट धरला होता. त्याने लेनीचा रुमाल आधी सोडला. मग ओडिलचा. तिने चटकन वळून बघितलं. तो तिला काहीतरी सांगणार होता, पण सांगायला वेळ नव्हता. त्याने दोन ढांगांत मागे येऊन बिझेनियसच्या खांद्यावरचे पट्टे ओढले, ढोल स्वतःच्या पोटावर घेतला, मान खाली घातली आणि दणका दिला.

दोन-तीन दणक्यांत कर्णे जागेवर आले. रांगा आधी थबकल्या, मग पुढच्या टोकापासून एकेक रांग डावीकडे झुकली, आणि चौकाच्या पलीकडे पोचेपर्यंत अख्खं ओबरबाख पुन्हा एका ठेक्यात उडत होतं. झायमेसने कपाळ पुसलं. बिझेनियस ढोलाशेजारून मान खाली घालून चालत होता, आणि मी चुकलो, मी चुकलो, एवढंच म्हणत होता. नेकल समोर बघत होता. समोर ओडिलची पाठ होती, तीच पाठ, नेहमीची. तिच्या उजव्या हातातून रुमालाचं एक टोक खाली लोंबत होतं आणि तिच्या बाजूला एका माणसाएवढी जागा रिकामी होती. त्या जागेकडे बघत नेकलने चर्चपर्यंत ढोल वाजवला. डोळ्यांतून पाणी चाललं होतं. लोकांना वाटलं घाम आहे, कारण दिवस गरम होता.

आमचा बँड चर्चच्या दाराशी थांबतो. उडणारे आत जातात, तळघरात उतरतात, थडग्याला वळसा घालून दुसऱ्या दाराने बाहेर पडतात. वाजवणारे तोवर भिंतीच्या सावलीत बसून बिअर पितात. नेकल बसला नाही. ढोल पोटावर तसाच ठेवून उभा राहिला. बिझेनियसने त्याला आपल्या हातचं सॉसेज आणून दिलं, मोहरी लावून, आणि म्हणाला की आयुष्यभर तुला फुकट देईन. नेकल म्हणाला, जाऊ दे, तुझा दोष नाही. त्याने सॉसेज हातात धरून ठेवलं. तो मनातल्या मनात त्या उन्हाच्या खिडक्या बघत होता आणि त्यांचे पडदे ओढून घेत होता.

तेवढ्यात कोपऱ्यावरून ओडिल आली. चालत नव्हती, येऊन ठेपली म्हणायचं. बस उशिरा सुटली की ती जशी थांब्यावरच्या लोकांकडे बघायची तसं तिने सगळ्यांकडे बघितलं. नेकलने तोंड उघडलं.

"टोक सुटलं, ओडिल. मीच सोडलं."

ओडिलने त्याच्या हातातलं सॉसेज काढून झायमेसला दिलं, खांद्यावरचे पट्टे काढले, ढोल उचलून बिझेनियसच्या हातात दिला आणि त्याला सांगितलं की नुसता धरून ठेव, वाजवू नकोस. मग तिने नेकलचं मनगट पकडलं आणि त्याला ओढत रस्त्याने मागे नेलं.

मिरवणुकीचं शेपूट अजून यायचं होतं. शेवटचा जथा नदीपलीकडच्या जर्मनांचा. ते आपल्या गावाहून पायी चालत येतात, त्यामुळे त्यांच्या पायांना फोड आणि चेहऱ्यांवर मुक्ती असते. त्यांच्या शेवटच्या रांगेत तिघेच होते. ओडिल काही न विचारता त्यांच्या बाजूला घुसली, खिशातला रुमाल काढला आणि एक टोक नेकलच्या मुठीत कोंबलं. जर्मनांनी विचारलं, तुम्ही कोण? ओडिल म्हणाली, उशिरा आलेले. ते लगेच सरकले, आणि त्यांच्यातल्या टोकाच्या दाढीवाल्याने नेकलच्या मोकळ्या हातात आपला रुमाल दिला.

नेकल उडाला आणि पुन्हा चुकीच्या बाजूला गेला. आता त्याला डोळे मिटायचं भान नव्हतं, तो तिच्याकडेच बघत होता. डावीकडे ओडिल, उजवीकडे दाढीवाला, एकदा हिच्यावर, एकदा त्याच्यावर. दाढीवाल्याला तिसऱ्या धक्क्याला मजा वाटायला लागली आणि तोही उलटा उडायला लागला. मग त्याच्या पलीकडचा. चर्चच्या दारातून ती रांग आत गेली तेव्हा त्यांच्यात बरोबर उडणारी एकटी ओडिल होती, आणि तीही हसण्याने वाकली होती. तळघराच्या पायऱ्या ते कसे उतरले हे संत विलिब्रोर्डलाच माहीत, कारण तो तिथेच झोपलेला होता. गारवा, मेणबत्त्यांचा वास, वर कुठेतरी अजून वाजणारी चाल, आणि समोर ते पांढऱ्या दगडाचं थडगं.

नेकल धापा टाकत थांबला. रुमाल त्याच्या मुठीत होता.

"मी सोडलं होतं," तो पुन्हा म्हणाला. त्याला ते सांगितल्याशिवाय राहवेना. "चौकात. तू बघितलंस."

"बघितलं. इतका राग आला की वाटलं, मेला तिथेच राहू दे त्याच्या ढोलापाशी." ओडिल भिंतीला टेकली. तिचाही श्वास लागला होता. "लेनी म्हणाली, ते टोक माझ्याकडे दे, रांग जुळवून घेऊ. मी नाही दिलं. मग ढोल लागला. मी मागे वळले नाही, नेकल. माझ्या पाठीला कळलं कोण वाजवतंय ते. अख्खी वाट मी एका हाताने रुमाल धरून उडत आले, वेड्यासारखी, बाजूला कुणी नाही. तू सोडलंस. मी कुठे सोडलं?"

मागून लोक येत होते, पुढे सरका, पुढे सरका म्हणत होते, दाढीवाला त्याचा रुमाल ओढत होता. ओडिलने विचारलं की कुंड्या बुधवारी आणू की गुरुवारी. नेकल उडाला, तिच्या अंगावर आदळला, आणि तिच्या कानाशी म्हणाला, आजच.